खांदे खाली

सोहारला सहालाच रांग लागते.
बसमधून उतरतात कंपनीच्या निळ्या टोप्या,
हातात पासपोर्ट, पोट रिकामं,
रक्त द्यायचंय म्हणून.
नाव, जन्मसाल, ताईत काढा,
बनियन काढा, छाती पाटीला लावा.
श्वास घ्या. धरा.
सोडा.
दिवसाला एकशेदहा छात्या.

मल्लय्या म्हणाला, "मराठी येते साहेब,
सासुरवाडी धर्माबादची."
आणि प्लास्टिकच्या पिशवीतून
घडीवर विरलेलं एक कार्ड काढलं.
सहा महिन्यांच्या चौकटी, प्रत्येकीत बरोबरची खूण,
खाली आरोग्य केंद्राचा जांभळा शिक्का.
"एक दिवस चुकलो नाही.
शेवटच्या गोळीला बाईंनी पेढा दिला."
त्याला वाटत होतं, हा चांगल्या वागणुकीचा दाखला आहे.
मी म्हणालो, ते खिशात ठेवा.
"का? बघा की."
उघड्या माणसाला खिसा कुठला.

आता माझं सांगतो.
मिरजेत, बारावीच्या वर्षी, मीही गिळल्यात त्या गोळ्या.
लघवी तांबडी व्हायची,
आई शेजारणींना कावीळ सांगायची.
व्रण राहिला, उजवीकडे, अगदी वर.
दर दोन वर्षांनी कुंजुमोन मला पाटीसमोर उभा करायचा
आणि दार लावून म्हणायचा,
खांदे वर. अजून थोडे.
थंडी वाजल्यासारखे.
हासळीचं हाड वर सरकतं
आणि नेमकं त्या जागेवर आडवं पडतं.
असा मी चौदा वर्षं योग्य आहे.
त्यानं कधी चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

मल्लय्या उभा होता.
मागे सव्वीस जण,
दाराशी कंपनीचा माणूस, घड्याळाकडे बघत.
मला त्याची खोली माहीत आहे.
आठ खाटा एकावर एक, एसी एक,
खिडकी पत्र्यानं बंद.
त्यातले सातजण सकाळीच होऊन गेले,
साती फुप्फुसं निर्मळ.
बरा झालेला व्रण आणि न झालेला
फिल्मवर कधी कधी सारखेच दिसतात.
नियम काही कुणी वैरानं केलेला नाही.
थुंकी तपासली तर कळेल:
बारा रियाल आणि महिनाभर थांबणं.
कंपनीनं हिशेब केलाय,
तिकीट स्वस्त पडतं.

माझ्या जिभेवर दोन शब्द होते.
मी म्हणालो, खांदे खाली.

पडद्यावर उमटलं ते,
नखाएवढं, वाळलेल्या चुन्यासारखं.

डॉक्टर रय्या चष्मा काढून बसल्या.
त्यांनी दोनदा मस्कतला लिहिलंय;
उत्तरादाखल नियमाचीच नवी प्रत आली,
या वेळी रंगीत.
संगणकाला दोनच बटणं आहेत,
योग्य, अयोग्य.
"थोडं थांबून बघू" असं बटण नाही.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
जुना व्रण वाटतो, थुंकी तपासावी.
रकान्यानं ते घेतलं.
छापलं मात्र नाही.

दुपारी तो परत आला.
वाटलं, भांडेल. मी तयारही होतो,
वाक्यं जुळवून.
"साहेब, कार्ड राहिलं काउंटरवर.
दुसऱ्या देशाला दाखवायला लागेल."
मी दिलं.
पिशवीची गाठ त्याला बसेना, तीही मारून दिली.
एवढंच करता आलं, असं म्हणणार होतो,
पण ते खरं नाही.

मार्चमध्ये माझी तपासणी.
कुंजुमोन कोट्टयमला गेला, गुडघे बदलून घेतलेत म्हणतात.
त्याच्या जागी मुहन्नद आलाय, इथलाच,
गुणी पोरगा. वेळेवर येतो,
लाच म्हणून खजूरसुद्धा घेत नाही,
प्रत्येकाला सलाम करतो, मग उभा करतो.
काम मीच शिकवलंय त्याला:
हनुवटी वर.
खांदे खाली.